पेरायला ठेवलेले पावटे

फाल्गुन लागला की आमच्या परसातला पावट्याचा वेल वाजायला लागतो. शेंगा वाळतात, ऊन चढलं की तडतडून फुटतात आणि दाणे कुडावर जाऊन आपटतात. पोरांना त्या आवाजाची गंमत वाटते. मला राग येतो, आणि खरं सांगायचं तर तो राग मला आवडतो. थंडी सरली की बाकीच्या बायका गोधड्या उन्हात टाकतात, झटकतात, कुठे विरलं-फाटलं ते बघतात. मी त्याच दिवसांत माझा राग बाहेर काढून बघते. पंधरा वर्षं झाली, अजून कुठे विरलेला नाही.

थंडी पहिल्यांदा जाते ती चुलीवरून. पौषभर नाचणीची गरम भाकरी आणि कुळथाचं पिठलं, त्यावर ठेचलेला लसूण. ताटावर बसलं की वाफ तोंडावर येते. माघात हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून त्यांची भाजी होते, बोटांची टोकं आंबट होतात. मग घाटे भरतात आणि बांधावर ओल्या डहाळ्यांचा हावळा भाजला जातो. काळे हात, काळी तोंडं, आणि त्या काळ्या सालीतून निघणारा हिरवा गरम दाणा. असे दिवस चाललेले असतात आणि एका दुपारी घरातलं कुणीतरी ताकाचा पेला रिकामा करून पुन्हा पुढे करतं. मी तेव्हा ओळखते की ऋतू फिरला. पिठल्याची कढई मागे सरते, आमसुलाचं सार पुढे येतं, आंब्याच्या मोहोरातून बोराएवढ्या कैऱ्या गळायला लागतात आणि पोरं त्या मिठाशी खातात. नीरेचं पाणी घाटाच्या दोन पायऱ्या खाली उतरलेलं असतं. भोरातली माझी ही दहावी होळी, तरी अजून हे सगळं मला मार्गासनीच्या घरातच घडल्यासारखं वाटतं.

मार्गासनी माझं माहेर. घर एक आणि चुली दोन. एकीवर आमची आई, दुसरीवर काकी, म्हणजे धाकट्या चुलत्यांची बायको. मध्ये शेणाने सारवलेला कूड, इकडे फोडणी पडली की तिकडे ठसका लागायचा. आम्ही दोघी बहिणी. थोरली सगुणा, तिला मी आक्का म्हणायचे, आणि तिच्या पाठीवर सहा वर्षांनी मी. काकीला एकच लेक, चंद्रा, आक्कापेक्षा वर्षाने धाकटी. चंद्रा गावातल्या शाळेत तिसरीपर्यंत गेलेली, आणि मला पहिली अक्षरं तिनेच तिच्या पाटीवर गिरवायला दिली. हे आधीच सांगून ठेवते, कारण चंद्राशी माझं कधी भांडण नव्हतं.

माघात आक्काचं आणि माझं एक खास काम असायचं, आंब काढायचं. हरभऱ्याच्या पानांवर रात्रीचं दव पडतं ते आंबट होतं. संध्याकाळी धुतलेलं पांढरं धोतर हरभऱ्यावर पसरायचं आणि उजाडायच्या आत ते ओलं धोतर उचलून पितळेच्या वाटीत पिळायचं. पिळून निघते ती आंब. पोटात दुखलं, अजीर्ण झालं की पाण्यात चार थेंब, वर्षभर पुरते आणि कितीही वर्षं नासत नाही. आक्काच्या हातांना थंडीने भेगा पडलेल्या असायच्या. आंब लागली की त्या चुरचुरायच्या आणि ती दात खाऊन हसायची. म्हणायची, "तानू, तू पिळ गं, तुझं हात लोण्याचं हायेत." मी पिळायचे, पण माझ्याने नीट पिळलं जायचं नाही, मग शेवटचा पीळ तीच घालायची. एका हिरव्या काचेच्या औषधाच्या बाटलीत आम्ही ती आंब साठवायचो, चिंधीचं बूच मारायचो आणि चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवायचो. त्या वर्षी बाटली गळ्यापर्यंत भरली होती. हे मी शपथेवर सांगेन, कारण भरली तेव्हा आक्काने मला उचलून घेऊन ती दाखवली होती.

त्याच माघात आक्काला बघायला वरव्याचे पाहुणे यायचं ठरलं. वरव्याचं घर म्हणजे रस्त्यालगतची काळी जमीन, विहिरीवर मोट, गव्हाचं पीक. आमच्या डोंगराकडच्या पोरीला तसं घर मिळणं सोपं नव्हतं. आमच्या भावकीत रीत अशी की पाहुणे आले की मुलीने एकटीने चुलीपुढे बसायचं आणि एक कालवण करून स्वतः वाढायचं. दुसऱ्या कुणी पळीला हात लावायचा नाही, आईनेसुद्धा नाही. आणि माघाच्या शेवटी कालवण म्हणजे पावट्याचं, वेलावर नुकत्याच वाळलेल्या नव्या पावट्याचं.

आक्काच्या हाताला पावटा असा शिजायचा की वाढताना सालीतून सुटून यायचा. रात्रभर भिजत घालायची. सकाळी सोलायची. कांदा आणि सुक्या खोबऱ्याची वाटी निखाऱ्यावर भाजून वाटायची. मंद आचेवर दाणा शिजू द्यायची आणि सारखी चिमटीत दाबून बघायची. दाणा दबला की गूळ, आणि सगळ्यात शेवटी चिंच. "आदी चिंच घातली की दाणा रुसतो, मग जल्मभर शिजत न्हाई," असं ती मला शिकवायची. आमच्याकडच्या पाच वर्षांच्या पोरीलासुद्धा हे ठाऊक असतं.

त्या दिवशी आई नेमकी बाजूला बसलेली, ओटीच्या टोकाला. आक्काने पावटा चुलीवर चढवला आणि ती न्हायला, नवं लुगडं नेसायला मागे गेली. जाताना मला म्हणाली, "हितंच बस. मांजर येईल. हलू नगंस." मी बसले. मग बाहेर घुंगरं वाजली. पाहुण्यांची दमणी आली होती, तिला दोन पांढरे खिल्लारी बैल आणि त्यांच्या शिंगांना पितळी शेंब्या. मी नऊ वर्षांची होते. मी उठले आणि बैल बघायला गेले. परत आले तेव्हा काकी आमच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडत होती. एका हातात खापरावर विस्तव, दुसरा हात पदराखाली. "इस्तू न्यायला आल्ते गं," ती म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं.

पुढचं मला दाण्यादाण्याने आठवतं. आक्का येऊन बसली, चिमटीत दाणा दाबला, दबेना. जाळ वाढवला, दबेना. आधण घातलं. बाहेर पाहुण्यांचं पाणी झालं, गूळ झाला, बोलणी झाली. वडील दोनदा दारात येऊन खाकरले. नवा पावटा, रात्रभर भिजलेला, आणि शिजत नव्हता. आक्काच्या कपाळावरचा घाम कुंकवातून खाली उतरला. शेवटी तिने चिंच, गूळ घालून तसंच वाढलं, काय करणार.

मुलाचे वडील धिप्पाड, मिशा पिळलेले. त्यांनी एक दाणा दाताखाली धरला, काढला, ताटात टाकला आणि नखाने उडवला. दाणा काशाच्या ताटात टणटणत फिरला. ते म्हणाले, "पाटील, ह्ये पावटं पेरायला ठिवा." पंगत हसली. हसू ओसरायच्या आत कुडापलीकडून काकीचा आवाज आला, "आगं पोरी, चिंच आदी घातलीस का काय?" आणि मागोमाग चंद्राच्या हातून वाटी आली, त्यांच्या चुलीवरच्या पावट्याची. दाणा लोण्यासारखा. पाहुण्यांनी चाखली, पुन्हा मागितली. होळीच्या आत चंद्राची सुपारी फुटली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी एकटीच आंब काढून आणली आणि बाटली कोनाड्यातून खाली घेतली. ती अर्धी होती. मला त्या वेळी कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. मी आक्काला बाटली दाखवली, विस्तवाचं सांगितलं, पदराखालच्या हाताचं सांगितलं. ती चुलीपुढे बसून होती, आदल्या दिवसापासून तिथून उठलीच नव्हती म्हटलं तरी चालेल. म्हणाली, "गप ऱ्हा. काकी कशापायी करंल आसं? माझंच हात कापत हुतं. चिंच माझ्याच हातनं पडली आसंल." तिने स्वतःच्या हातांकडे असं बघितलं, जणू ते कुणा परक्याचे आहेत. काकीने ओतलेली आंब पावट्यात विरून गेली, पण 'चिंच आदी घातलीस का' या तिच्या एका वाक्याने आक्काचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास गेला, आणि याची मला जास्त चीड येते.

मी गप्प बसले नाही. मी शिमग्याची वाट बघितली. होळी पेटली, काकीने पुरणाच्या पहिल्या पोळीचा नैवेद्य टाकला, सगळा गाव बोंबा मारत होळीभोवती फिरायला लागला. मी पोरांच्यात घुसले, तोंडावर हात मारला आणि ओरडले, "काकीनं पावट्यात आंब ओतली!" एकदा नाही, सातआठदा ओरडले. आणि झालं काय, सगळे हसले. शिमग्याच्या बोंबेवर कोण विश्वास ठेवतं? ज्या दिवशी गावात वाटेल ते ओरडायची मुभा असते, तोच एक दिवस मी खरं बोलायला निवडला. काकीही हसली, सगळ्यांत मोठ्याने. घरी आल्यावर वडिलांनी मला दोन ठेवून दिल्या, पोरींनी बोंब मारू नये म्हणून. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा हे सांगितलं, समोरचा म्हणायचा, "व्हय, ती तुझी शिमग्याची बोंब ना?"

आक्काला हिर्डोशीकडे दिलं. भात, नाचणी, वर चढून उभ्या उताराची वरकस जमीन, पाण्याला दोन खेपांची चढण. तिथपर्यंतही तो दाणा टणटणत गेला. तिच्या सासरी तिला 'पेरायचं पावटं' म्हणायचे, सासू म्हणायची, दीर म्हणायचे, पुढेपुढे नवराही. मी माहेरपणाला आलेली असताना एकदा माघात तिच्याकडे गेले होते. बांधावर पावट्याचा वेल शेंगांनी लगडलेला आणि ती शेंगा तोडून शेजारणीच्या पाटीत घालत होती. मी म्हटलं, आक्का, आज तुझ्या हातचा पावटा खायचा. ती म्हणाली, "मला न्हाई शिजत ते." तिने पुन्हा कधी पावटा भिजत घातला नाही. सात वर्षांपूर्वी श्रावणात तापाने गेली. जाताना तिला ठाऊक होतं ते एवढंच, की चूक आपली होती.

माझ्या लग्नात मी माहेरून दोन वस्तू मागून आणल्या. आईचा पाटा आणि ती हिरवी बाटली, अर्धी. भोरात आले, यांच्या कचेरीतल्या कागदांवर लिहायला-वाचायला पुढे शिकले, सातवी दिली, दोन लेकरं झाली. दर माघाला नवी आंब काढून नव्या बाटलीत भरली. हिरव्या बाटलीत मात्र मी थेंब घातला नाही आणि त्यातून थेंब काढला नाही. हे एकदा म्हणाले, ही का जपून ठेवतेस? मी म्हटलं, एका पाहुणीसाठी आहे.

यंदा माघ सरतासरता पाहुणी आली. काकीच्या दोन्ही डोळ्यांत सायीसारखं पडलंय. भोरच्या दवाखान्यात औषध घालायला पंधरा दिवस राहायचं, म्हणून चंद्राचा नवरा तिला माझ्या दारात सोडून गेला. लढाईमुळे रॉकेल मिळत नाही, तरी तिच्या खोलीत मी दिवा ठेवला. अंथरूण घातलं, पाणी तापवलं, पाय चेपले. आल्यागेल्याने मला चांगलं म्हटलं. पुतणी असावी तर अशी. मी ऐकून घेतलं. दया आली का? आली नाही, खोटं कशाला लिहू. तिचे पाय चेपताना मी फक्त आक्काच्या भेगा आठवत होते.

आणि चौथ्या दिवशी, वेल तडतडला तेव्हा, ओटीवर बसलेली काकी कान टवकारून म्हणाली, "पावटं वाळल्यालं दिसत्यात. तानू, कर की गं कालवण. तुज्या आक्कावानी कर. तिच्यावानी हात कुणाचाच न्हवता."  तिला ते ठाऊक होतं. सगळ्या भावकीत आक्काच्या हाताची चव तिच्याइतकी कुणी ओळखली नव्हती, आणि म्हणूनच तर तिने ती मारली.

मी म्हटलं, "करते की काकी."

रात्री पावटे भिजत घातले, सकाळी सोलले. कांदा-खोबरं निखाऱ्यावर भाजलं, पाट्यावर वाटलं. पातेली दोन ठेवली. एक आमचं, दाणा दबल्यावर चिंच. दुसरं लहान, त्यात दाणे पाण्यात पडल्या पडल्या मी हिरवी बाटली उघडली. चिंधी वाळून दगड झाली होती. उरलेली सगळी ओतली. आक्काच्या हातचा पीळ होता तो, माझाही थोडा.  दोन तास जाळ घातला आणि मधूनमधून दाणा चिमटीत दाबून बघत राहिले. नाही दबला. मला आनंद झाला, हेही लिहून ठेवते.

दुपारी हे कचेरीत, पोरं शाळेत. काकीला पाटावर बसवलं, ताट पुढे ठेवलं, तिचा हात धरून वाटीला लावून दिला. समोर भिंतीला टेकून बसले. तिला दात राहिलेत चार-पाच. पहिला दाणा तोंडात गेला आणि तिचा जबडा थांबला. मग हळूहळू चालायला लागला. दाणा दाताखाली सटकत होता, मला ऐकू येत होतं. तिने थुंकला नाही. दुसरा घेतला, तिसरा घेतला. भाकरी न मोडता नुसते दाणे, एकामागून एक.  मला काय हवं होतं ते मला स्वच्छ ठाऊक होतं, तिच्या तोंडून एक वाक्य.

वाटी अर्धी झाल्यावर ती म्हणाली, "ह्यात चिंच न्हाई."

"चिंच न्हाई, तर काय हाय काकी?" माझ्या तोंडात आपोआप माहेरची बोली आली.

"आंब हाय."

"आन त्या दिशी?"

वेल बाहेर दोनदा तडतडला. काकीने बोटं ताटाच्या कडेला पुसली. "त्या दिशीबी चिंच नव्हती," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला येकच हुती गं, चंद्री."

"आमालाबी आक्का येकच हुती," मी म्हटलं.

तिने मान हलवली. रडली नाही, आणि रडली असती तरी मला काही वाटलं नसतं. वाटी चाचपून उचलली, पुढे केली. "वाढ आजून," म्हणाली. मी वाढलं. लहान पातेल्यातलंच. मऊ शिजलेल्या आमटीचं पातेलं चुलीच्या उबेला झाकून ठेवलं होतं, घरभर त्याचा वास होता, तिला तो येत होता हे तिच्या नाकपुड्यांवरून कळत होतं. त्यातलं मी तिला दिलं नाही. तिने दुसरी वाटीही संपवली.

हात धुवायला नेलं तेव्हा तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, "चंद्रीला सांगू नगंस. तिला म्हाईत न्हाई. त्या घरात तिचा मान हाय." मी म्हटलं, "न्हाई सांगत." तिने मला शपथ घ्यायला लावली, चुलीची. मी घेतली.

चंद्राचा दोष नाही हे मला कळतं. ती वाटी घेऊन आली तेव्हा चौदा वर्षांची होती, आईने दिली ती वाटी तिने नेली. पण दोष आक्काचाही नव्हता. वरव्याच्या त्या घरात पावट्याची गोष्ट अजून सांगतात, हसून सांगतात, चंद्राचे सासरे अजून नखाने दाणा उडवून दाखवतात म्हणे. ती गोष्ट त्यांच्या पोराबाळांनी अर्धीच का ऐकावी?

उद्या चंद्रा आईला न्यायला येणार आहे. तिला द्यायला मी यंदाच्या पावट्याचं गाठोडं बांधलंय, चांगले टपोरे, पेरायला ठेवावेत असे. चुलीची शपथ मी मोडलेली नाही, चंद्राशी मी यातला एक शब्द बोलणार नाही. गाठोड्यात वर पावटे आहेत आणि खाली ही पानं. चंद्राला वाचता येतं. मला अक्षरं तिनेच शिकवली.